हयातीतला हार

इद्रिसभाईंच्या फोटोफ्रेमच्या दुकानात हसत आलेलं गिऱ्हाईक नंदुरबारात अजून कोणी पाहिलेलं नाही. घरातलं माणूस गेलं की लोक त्याचा फोटो घेऊन येतात, आणि इद्रिसभाई त्याला काळी चौकट, चंदनाचा हार आणि वर झिरोचा लाल बल्ब लावून देतात. शहरातल्या सगळ्या जातीधर्मांचे पूर्वज आपल्याच चौकटीत बसलेले आहेत, याचा त्यांना रास्त अभिमान आहे.

त्याहून मोठा अभिमान मुलीचा. आफशीन बडोद्याला फोटोग्राफी शिकून आली आणि वर्षभर धडगावच्या डोंगरात हिंडून तिने तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढले. तिचं पहिलं प्रदर्शन नंदुरबारातच भरणार होतं. ते पाहायला बडोद्याहून गॅलरीवाल्या सोनमबेन येणार होत्या. त्यांना पसंत पडलं, तर हेच फोटो तिकडच्या गॅलरीत लागणार होते.

उद्घाटनाच्या सकाळी आफशीन जीपमध्ये बसता बसता म्हणाली, "अब्बा, मी पाहुण्यांना आणायला चालले. फ्रेमा काळ्या, साध्या. हॉलवर टांगून घ्या. बाकी तुमच्या नेहमीसारखं."

पाहुणे म्हणजे फोटोतलीच मंडळी, हे सांगायचं राहून गेलं.

इद्रिसभाईंनी फोटो उलगडले. सगळे काळेपांढरे. एकही माणूस हसत नव्हता. सगळे थेट समोर पाहत होते आणि मागे नुसतं आभाळ होतं. इतक्या वर्षांच्या अनुभवावर त्यांनी लगेच निदान केलं. दुकानात बसून बसून त्यांची घरातली बोलीही अहिराणीच झाली होती.

"ह्या समदा गयात वं."

"सब के सब?" त्यांची बायको मेहरुन्निसा म्हणाली.

"हा. बरं जयं, पोरनी टाइमवर काढी लिधात."

घरचं काम म्हणून त्यांनी हार जरा जाडच घातले.

संध्याकाळी लोक हॉलच्या दाराशी आले आणि आपोआप चपला काढू लागले. कोणीतरी उदबत्ती लावली. उद्घाटक होते माजी प्राचार्य अजितराव. त्यांनी कलेवरचं भाषण लिहून आणलं होतं. भिंतीकडे एकदा पाहून त्यांनी कागद खिशात घातला. शोकसभेला त्यांना कागद लागत नसे.

"दोन मिनिटं शांतता पाळू या."

सोनमबेन नुकत्याच स्टेशनवरून आल्या होत्या. त्याही मान खाली घालून उभ्या राहिल्या. तेवढ्यात जीप आली. दारात आफशीन, तिच्यामागे जालमसिंग, रूपलीबाई आणि भिंतीवरची बाकी मंडळी. आफशीनने हार पाहिले. ती पुढे धावणार, तोच जालमसिंगने तिचा हात धरला.

"थांब पोरी. काय बोलतो ते ऐकू."

अजितरावांनी फोटोखालची पट्टी वाचली. "कैलासवासी जालमसिंगबाबा निर्व्यसनी होते. शांत होते. कधी कोणाला उलट बोलले नाहीत."

"हा दुसरा जालम्या असंल," रूपलीबाई कुजबुजली.

"गप बस. पहिल्यांदा कोणी चांगलं बोलतंय."

अजितराव थांबले तसा जालमसिंग दारातून पुढे आला. "साहेब, एक राहिलं. ढोल. आपल्या फळीत, अख्ख्या पाड्यात, माझ्यासारखा ढोल कोणी वाजवत नाही."

पुढच्या रांगेतली एक खुर्ची आडवी झाली. इद्रिसभाईंनी एकदा फोटोकडे, एकदा माणसाकडे पाहिलं आणि स्टूल ओढलं. "चूक मन्ही शे, बाबा. हार आत्ते काढी टाकस."

"राहू दे. मेल्यावर घालतील तो मला कुठं दिसणार?"

तिकडे रूपलीबाई स्वतःच्या फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. "माझा दिवा का पेटत नाही? जालम्याचा पेटतो. मी काय वाईट मेले का?"

इद्रिसभाई स्टुलावर चढले आणि बल्ब पिळून घट्ट केला. तो पेटल्यावर टाळ्या पडल्या. उद्घाटन म्हणायचं तर तेच.

"आता माझं बोला, साहेब," रूपलीबाई अजितरावांना म्हणाली.

मग एकेकजण आपापल्या फोटोखाली उभा राहिला आणि अजितराव बोलत गेले. त्यांनी आजवर शेकडो शोकसभा केल्या असतील, पण मयत मध्येच चूक सुधारते, ही अडचण त्यांना नवी होती.

आफशीन कोपऱ्यात डोकं धरून बसली होती. सोनमबेन फोटो पाहून तिच्याजवळ आल्या. "फोटो मी बडोद्याला नेते. हार मात्र नकोत."

"हार नाही, तर मी पण नाही," जालमसिंग म्हणाला.

बरीच बोलणी झाली. शेवटी असं ठरलं, की फोटो बडोद्याला जातील आणि हार ज्याचा त्याच्याकडे. जीप परत निघाली तेव्हा डोंगरातली मंडळी गळ्यात चंदनाचे हार घालून ताठ बसली होती. धडगावपर्यंत लोक थांबून विचारत होते, की कोण निवडून आलं.

बडोद्यासाठी आफशीनने आणखी एक फोटो काढला, तो अब्बांचा. इद्रिसभाई अजिबात हसले नाहीत. एक प्रत त्यांनी घरासाठी ठेवली, स्वतःच तिची फ्रेम केली आणि हाराच्या खोक्याकडे हात नेला.

"हार मत डालना," मेहरुन्निसा म्हणाली. "अपने में नहीं चलता. और अभी जिंदा हो."

त्यांनी हार परत ठेवला आणि खिशातून झिरोचा बल्ब काढला.

"अब ये क्या?"

"मन्ही पोरनी काढेल फोटो शे," इद्रिसभाई बल्ब पिळत म्हणाले. "अंधारमा कशा ठेवू?"