व्यत्ययाची पाटी

श्रीपत मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "टीव्हीत आहात म्हणता, मग टीव्हीत दिसत का नाही?"

दत्तारामला हा प्रश्न नवा नव्हता. मुंबईच्या टीव्ही केंद्रात तो लागल्यापासून त्याच्या गावात, तुडीलमध्ये, ज्याने त्याने त्याला तो विचारला होता. पण आज विचारणारा माणूस ललिताचा बाप होता.

"मी पडद्यामागे असतो, मास्तर."

"पडद्यामागे काय, मीही आहे. आमची नाते गावची अख्खी शाळा आहे."

स्टुडिओत खुर्च्या मांडणं, कॅमेऱ्याच्या वायरी कुणाच्या पायात येऊ न देणं, मुलाखतीला आलेल्या शेतकऱ्याने पागोटं काढून ठेवलं तर ते सांभाळणं, ही दत्तारामची कामं. ती सांगून मुलगी मिळेल असं त्याला वाटत नव्हतं. आणि ही मुलगी त्याला हवीच होती. वीस मार्चला महाडला तळ्याकाठी पुस्तकांच्या दुकानापाशी त्याने तिला पाहिलं होतं. एकाच पुस्तकाला दोघांनी हात घातला आणि तिने ते सोडलं नाही, तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज ती बापाबरोबर आली होती. तुडीलला दिलेल्या आत्याला भेटायला आलोय, असं म्हणायचं ठरलं होतं. सध्या ती आत त्याच्या आईबरोबर, जानकीबाईंबरोबर, चुलीपाशी बसली होती.

तेवढ्यात जानकीबाईच पदराला हात पुशीत बाहेर आल्या. लेकाची बाजू पडतेय हे त्यांनी आतूनच ओळखलं होतं.

"दिसत नाय कसा? त्याचं अक्षर दिसतं की टीव्हीत!"

मास्तरांचे कान टवकारले. उभा जन्म त्यांनी पोरांची अक्षरं सुधारण्यात घालवला होता. माणूस कसा आहे ते अक्षरावरून कळतं, असं ते म्हणत, आणि म्हणून त्यांनी दोन स्थळं परतवूनही लावली होती.

"अक्षर? कुठे?"

"व्यत्ययाच्या पाटीवर," दत्ताराम खाली मान घालून म्हणाला.

ही पाटी म्हणजे 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. मूळ पाटीवर कुणाचा तरी चहा सांडला, नेमका त्या दिवशी चित्रकार रजेवर, म्हणून साहेबांनी दत्तारामकडून ती लिहून घेतली. पुढे तीच राहिली. केंद्रात तिचं नाव काढलेलं कुणाला खपत नसे. यंत्र बिघडलं, फीत तुटली, की ती कॅमेऱ्यासमोर धरायची. संध्याकाळ तिच्याशिवाय पार पडली की साहेब चहा पाजत.

"मग पाहू या," मास्तर म्हणाले. "कधी दिसते?"

"टीव्ही बंद पडला की."

"आज शनिवार हाय," जानकीबाई म्हणाल्या. "सिनेमाला पडतोच. सगळे जाऊया गनीकडं."

गनीने कुवेतहून आणलेला टीव्ही तुडीलमध्ये एकुलता एक होता. छपरावर उंच बांबू, बांबूवर अँटेना, एवढं केल्यावर मुंबईचं चित्र डोंगरांना वळसा घालून कसंबसं त्याच्या घरी पोहोचायचं. जानकीबाईंनी वाटेतच सगळ्यांना सांगितल्यामुळे दिवेलागणीला गनीच्या ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. दत्तूचं लगीन पाटीवर अडलंय, हे आता नदीपल्याडही कळलं होतं.

शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला. करप्यावर औषध कसं मारायचं ते एक साहेब सांगत होते. एरवी लोक मन लावून ऐकायचे. आज सगळे फक्त साहेब अडकतात का ते बघत होते. साहेब अडकले नाहीत. बातम्याही सुरळीत झाल्या.

जानकीबाई गनीच्या बायकोच्या, बिल्किसच्या, कानाशी लागल्या. "बिल्किस, आमी नवस-बिवस सोडलं. मास्तरांसमोर तर बोलायची सोयच नाय. तू तरी जरा दुवा माग गो, टीव्ही बंद पडू दे म्हनून."

"माज्याच टीव्हीला?"

"तुज्या नाय गो, मुंबईच्या."

बिल्किस विचारात पडली. तिला सिनेमा बघायचा होता. "बरं, मागते. पन अगदी शेवटाकडं पडू दे म्हनते."

सिनेमा सुरू झाला. मेळ्यात हरवलेला मुलगा, त्याच्यासाठी रडून आंधळी झालेली आई. बराच वेळ झाला, तरी फीत तुटेना. मास्तरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. ते बघून गनीला राहवलं नाही. तो शिडी लावून छपरावर चढला आणि त्याने अँटेना गर्रकन फिरवली. पडद्यावर मुंग्याच मुंग्या झाल्या.

"आली! आली!" लोक ओरडले.

मास्तर चष्मा सावरत पुढे सरकले. "ह्यात अक्षर कुठे आहे?"

"बिघाड तिकडं झाला तर पाटी येते," दत्ताराम म्हणाला. "इकडं झाला तर मुंग्या."

"मग असं कर ना," गनी छपरावरून ओरडला, "खाली महाडला जाऊन फोन लाव तुज्या हाफिसात. म्हनावं, दोन मिनटं बंद करा, आमची पावनी मंडळी आलीत!"

साहेबांना हा फोन गेल्यावर काय होईल ते दत्तारामच्या डोळ्यांसमोर आलं. "सिनेमा बघूया हो," तो काकुळतीने म्हणाला.

अँटेना जागेवर आली आणि हळूहळू लोक सिनेमात बुडाले. मास्तर घड्याळ विसरले. मुलगा मोठा होऊन हवालदार झाला होता आणि चोरीच्या खोट्या आळावरून आपल्याच आईला पकडून नेत होता. आईने त्याचा हात चाचपला. मनगटावर लहानपणीचा भाजल्याचा डाग. तिचे ओठ हलले—

'व्यत्ययाबद्दल क्षमस्व.'

फक्त जानकीबाई टाळ्या वाजवत उठल्या. "बघा मास्तर! माज्या दत्तूचं अक्षर!"

"काढ रे ती पाटी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आत्ताच आनायची हुती का मेल्या?"

"बिल्किस, काय दुवा मागितलास तू?"

ज्या पाटीसाठी सगळं गाव देव पाण्यात घालून बसलं होतं, तिच्यावरून आता दत्तारामचा उद्धार चालला. खुद्द मास्तरांनी अक्षराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते दत्तारामकडे वळले. "अहो, त्या माउलीने ओळखलं की नाही त्याला?"

"त्याला ठाव असनार," गनी म्हणाला. "सिनेमा तिकडं आधी बघतात. सांग रे दत्तू!"

गनी म्हणत होता ते खरं होतं. केंद्रात सिनेमा आधी तपासून घेत आणि दत्तारामने तो पाहिलाही होता, पण अगदी इथपर्यंतच. आईने हात चाचपला आणि साहेबांनी त्याला बटाटेवडे आणायला पिटाळलं. पण होणाऱ्या सासऱ्यासमोर बटाटेवड्यांचं नाव कसं काढायचं? तो उठून टीव्हीशेजारी उभा राहिला आणि सांगू लागला.

"आई म्हनली, हा डाग माज्या चुलीचा हाय." समोर बायकांमध्ये बसलेली ललिता टक लावून बघत होती. दत्तारामचा आवाज मोकळा झाला. "त्यानं टोपी काढून फेकली. तिनं त्याचा चेहरा चाचपला आन पयली एक थोबाडीत दिली. म्हनली, इतकी वरसं कुटं हुतास रे मेल्या? मग दोघं येष्टीत बसली. ती त्याला घरी घेऊन आली. तांदळाची भाकरी थापली, सुके बोंबील भाजले, वर कांदा चिरला. तो जेवायला बसला आन ती वाढताना म्हनली, आता मला दिसलं नाय तरी चालंल."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मास्तरांनीही नाक शिंकरलं. आणि चित्र परत आलं.

पडद्यावर आई कोठडीत मरून पडली होती. हवालदार लांबलचक रडगाणं गात होता. मग 'समाप्त'.

बायकांनी डोळ्यांवरचे पदर खाली घेतले.

"हा काय शेवट झाला?" बिल्किस म्हणाली. "दत्तूचाच बरा हुता. मुंबैवाल्यांनी मदेच बदलला."

पण मास्तर उठून उभे राहिले होते. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "दत्ताराम, तुम्ही शेवट पाहिला होता?"

"नाही, मास्तर." दत्तारामने खाली बघत सगळं सांगून टाकलं, बटाटेवड्यांसकट.

"म्हणजे टीव्हीत ज्याचं अक्षर दिसतं असा माणूस, आणि इतक्या लोकांसमोर धडधडीत खोटं सांगितलंत?"

दत्तारामला वाटलं, संपलं. जानकीबाईंनी डोक्याला हात लावला. तेव्हा बायकांमधून ललिता उठली. दिवसभरात ती पहिल्यांदाच बाहेरच्यांत बोलली.

"खोटं कसं, बाबा? ते बोंबील दुपारी मीच निवडलेत. यांच्या आईच्या चुलीपाशी, हे घरी आलेत म्हणून."

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं, दत्तारामकडे पाहिलं. कपाळावरची एकेक आठी उलगडत गेली.

"मग जानकीबाई," ते चपला शोधत म्हणाले, "भाकऱ्या कधी थापताय?"