आमच्या दारातलं मेपल

वळवाच्या वाऱ्यात दारातला शेवगा मोडून पडला आणि अंगणात एक जागा रिक्त झाली. (रिक्त हा शब्द सवयीने आला. मी चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात क्लार्क होतो. खातं शेतकी असलं तरी ऊस मी बहुतेक कागदावरच पाहिला. कुणाच्या उसाची लागण कधीची, क्षेत्र किती, हे झोपेतून उठवलंत तरी सांगेन. पण समोर उभं पीक दाखवून नाव विचारू नका.)

इस्लामपुरातल्या या घरात सध्या मी एकटाच असतो. माझी बायको अंजना गेल्या वर्षी सप्टेंबरात लेकीच्या, शिवांजलीच्या, बाळंतपणाला कॅनडात गेली. जाताना सहा महिन्यांचं बोलणं होतं. मग शिवांजलीची रजा संपली, बाळाला बघायला कुणी नाही, म्हणून मुक्काम वाढला. मग पुन्हा वाढला. मी फोनवर "बाळ महत्त्वाचं, बाळ महत्त्वाचं" म्हणतो आणि फोन ठेवल्यावर कुकर लावतो. वाटीभर भातालासुद्धा कुकरच लावतो, कारण त्याची शिट्टी होते. घरात कुणीतरी काहीतरी बोलावं, एवढीच अपेक्षा.

शेवगा पडल्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लिंबू लावा. कागदी."

"एकट्याला लिंबं लागत्यात किती?"

"तुमच्यासाठी कोण म्हणतंय? लिंबू असलं की दारात माणूस येतंय. कुणाला सरबताला, कुणाला अमावस्येला गाडीला बांधायला. लावा म्हणते तर लावा."

मला येणारी-जाणारी माणसं नको होती, ती घरी हवी होती. शिवाय माझ्या डोक्यात वेगळंच झाड होतं. गेल्या वर्षी ऑक्टोबरात ही रोज सांगायची, "आवं, खिडकीसमोर एक झाड हाय, मेपल म्हंत्यात. सगळं लालभडक झालंय. बगत बसलं की दिवस कसा जातोय कळत न्हाई." (पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे बघत बसल्यावर दिवस कसा जातो, हे तिने कधी सांगितलेलं नाही.) मी हिशेब मांडला. बायकोला तिकडे बाळाने नव्हे, त्या झाडाने धरून ठेवलंय. तसलंच झाड दारात उभं केलं, तर तिकडे राहायला कारणच काय उरतं?

तिने पाठवलेला फोटो घेऊन मी हायवेकडेच्या नर्सरीत गेलो. मालक दिग्विजय नावाचा तरणा गडी. फोटो बघून त्याने मान डोलावली.

"ह्ये व्हय? हाय की!"

मागच्या बाजूने त्याने एक रोप आणलं. तांबडं पान, हाताच्या पंजासारखं फाकलेलं. मी चष्मा पुसून फोटोशी ताडून पाहिलं.

"फोटोतल्या पानाला टोकं कमी दिसतात हो."

"मग तुमास्नी जास्तच मिळाली की!"

"पण हे परदेशीच ना?"

"आमच्याकडं समदं आंध्राहून येतंय, साहेब."

मी समाधानाने रोप घेऊन आलो. अंजनाला मात्र सांगितलं, लिंबू लावलं. ती आली की दारातच थक्क करायचं, हा बेत. पण एक खोटं बोललं की ते रोज पाळावं लागतं. "फुटवा आला का?" आला. "कीड न्हाई ना?" नाही. एकदा तर मी उत्साहाच्या भरात कळी आल्याचंही सांगून टाकलं. व्हिडिओ कॉल आला की मी भिंतीला पाठ लावून बसायचो.

मेपल मात्र फारच वाढलं. दोन महिन्यांत माझ्या खांद्याला आलं, तिसऱ्यात डोक्यावर गेलं. कॅनडात म्हणे याला वर्षानुवर्षं लागतात. मी मनात म्हटलं, शेवटी कृष्णाकाठची माती.

आणि मग माणसं यायला लागली. पहिले आले शेजारचे लालासाहेब, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले.

"सयाजीराव, दोन पानं घिऊ का? गुडघा धरलाय. गरम करून बांधतो."

कॅनडाचं पान गुडघ्याला चालतं हे मला नवीन होतं, पण फौजी माणूस जगभर हिंडलेला, त्याला ठाऊक असणार. पानं दिली, चहा ठेवला. दोन दिवसांनी समोरच्या संयोगिताकाकू सासूबाईंच्या गुडघ्यासाठी आल्या, मग मागच्या गल्लीतले नानासो आले. रोज कुणीतरी यायचंच. मी दोन कप धुऊन तयार ठेवू लागलो, बिस्किटं आणू लागलो, येईल त्याला मेपलची माहिती देऊ लागलो. सगळे निमूट ऐकून घ्यायचे. बुधवारी मात्र कुणी फिरकत नसे. मी समजलो, बुधवारी या झाडाचं पान तोडत नसतील. काही धार्मिक असेल. बुधवारी मी पुन्हा कुकर लावायचो.

एका मंगळवारी लालासाहेबांबरोबर त्यांचा पाहुणा आला होता, कोयनानगरचा. अंगणात चहा घेता घेता तो म्हणाला, "एरंड लय माजलाय हो. काढत का न्हाई?"

मी हसून म्हटलं, "एरंड नव्हे, मेपल."

पाहुण्याने लालासाहेबांकडे पाहिलं. लालासाहेबांनी चहाकडे पाहिलं. मी दोघांकडे पाहिलं आणि मग, चौतीस वर्षांत पहिल्यांदाच, झाडाकडे नीट पाहिलं. शेंड्याला काटेरी गोंडे लागले होते.

(शेतकी खातं! सेवापूर्तीला मला शाल आणि नारळ दिला होता. परत मागितलं तर दोन्ही देईन.)

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून अंजनाला सगळं सांगितलं. लिंबू नाही, मेपल नाही, दारात एरंड आहे.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "संयोगितानं कवाच फोटू धाडलाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी रोज लिंबाचं सांगत हुतासा. कळी आली म्हणालासा तवा तर बरंच वाटलं. पण मला सांगा, मेपल कशाला आणाय गेलासा?"

मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "तू त्या झाडाकडं बघत बसतीस. म्हणलं, हितं तसलंच असलं तर लवकर येशील. करमत न्हाई गं मला."



"आवं," ती म्हणाली, "ही दोघं कामाला जात्यात, बाळ झोपतंय. बोलायला कोण हाय मला? म्हणून झाडाकडं बगत बसते. तुमचंबी तसं हुईल म्हणूनच लिंबू लावा म्हणलं हुतं. लिंबाला माणूस येतंय."

फोन ठेवून मी पायरीवर येऊन बसलो. तिला तिकडे एकटं वाटत असेल, हे माझ्या हिशेबात कुठे धरलेलंच नव्हतं. ती आता गुढीपाडव्याला येणार आहे. पाच महिने आहेत.

पुढच्या मंगळवारी लालासाहेब आले. मी सरळच विचारलं, "ओढ्याकडेला एवढा एरंड माजलाय. मग पानं न्यायला माझ्याकडं का येता?"

"त्यो हिरवा हाय."

"गुडघ्याला रंग कळतो व्हय?"

सुभेदार खाकरले. "हे बगा, वहिनींचा फोन आलावता. एकटं हायती, रोज एकानं जाऊन या म्हणाल्या. मग आमी ड्यूट्या लावल्या. माझा मंगळवार, संयोगिताबाईंचा गुरुवार, नानासोंचा शनवार... पानं आपली निमित्ताला."

तीन महिने मी ज्यांना मेपल समजावून सांगत होतो, ते सगळे ड्यूटीवर होते! रागावावं की रडावं ते ठरेना, म्हणून मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग आठवण झाली.

"म्हंजे बुधवारी पान तोडत न्हाईत, असं काय नसतंय?"

"छ्या! पान कवाबी तोडावं."

"मग बुधवार कुणाचा?"

लालासाहेबांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि फौजी स्पष्टपणाने म्हणाले, "बुधवार मोकळा हाय. आमी सहाच जण, आन् तुमचं मेपलचं भाषण आठवड्यात दुसऱ्यांदा ऐकायला कोण तयार हुईना."

लिंबू मी बुधवारी लावलं.