दुहेरी आंधळी

नर्स चाचणीचा कागद समजावत होती, तेव्हा आजोबा त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत होते. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासल्यावर दुसरं काय होणार! सात चुका काढून त्यांनी सही ठोकली.

कॅन्सर पसरला होता. दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीची सलाइन लागे. सोबत रोज एक पूरक कॅप्सूल घेतल्याने उपचाराला मदत होते का, हे चाचणीत बघायचं होतं. काहींना खरी कॅप्सूल, काहींना नुसती पावडर; कुणाला कुठली, हे ना पेशंटला कळणार, ना डॉक्टरांना. आपण पुरते बरे होणार नाही, हे आजोबांना ठाऊक होतं. निदान पुढच्यांच्या उपयोगी पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"कागदावर 'दुहेरी आंधळी चाचणी' छापलंय," घरी येऊन ते आजींना म्हणाले. "दुहेरी म्हणजे आपण दोघं. तू डोळे मिटून द्यायची, मी डोळे मिटून घ्यायची."

छापलेलं खोटं कसं असेल? रोज सकाळी आजी डोळे मिटून फळीवरची बाटली चाचपत. इकडे सुनेच्या केस वाढवायच्या कॅप्सूल भराभर संपू लागल्या. तिने नवऱ्याच्या टकलावर संशय घेतला, आणि त्या बिचाऱ्याचा एक केस उगवला नसतानाही त्याला खुलासे द्यावे लागले.

तीन आठवड्यांनी सून दोघांना घेऊन दवाखान्यात आली.

"आजोबा, भुवया काय दाट झाल्यात!" नर्स म्हणाली.

शेजारच्या खुर्चीतल्या टकल्या पेशंटने लगेच मान वर केली. "सिस्टर, मला पण यांचीच कॅप्सूल लावा."

नर्सने चाचणीची बाटली ताटलीत ओतून कॅप्सूल मोजल्या. "नऊ उरायला हव्या होत्या. इथे तीसच्या तीस आहेत!"

"अगं बाई, म्हणजे माझ्या केसांच्या..." सुनेने कपाळावर हात मारला.

डॉक्टरांनी तिच्याकडून त्या कॅप्सूलमध्ये काय काय असतं ते विचारून घेतलं आणि त्या आजपासून बंद केल्या. आजोबांचा चेहरा मात्र पार उतरला. त्यांना फार वाईट वाटलं.

"चूक माझी आहे. मला चाचणीतून काढणार का?"

"काढायचं कशाला?" डॉक्टर म्हणाले. "घडलं ते खरं-खरं लिहू. कॅप्सूल चुकलेली माणसंही आम्ही मोजतो. सलाइन तर चालूच राहील."

आजोबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नर्स आजींकडे वळली. "आजी, तुम्ही तरी डोळे उघडे ठेवायचे!"

"एक डोळा उघडाच ठेवत होते," आजी हळूच म्हणाल्या.

"काय?" आजोबा कडाडले. "मग बाटली चुकलेली दिसली नाही?"

आजींनी पदराने डोळे पुसले. "बाटलीकडे कोण बघत होतं?"