हवेतला केर

सावनीने वुस्टरमधल्या आपल्या अपार्टमेंटचं दार उघडलं आणि तळणीचा खमंग वास नाकात शिरला. दुसऱ्या कोणाच्या तोंडाला पाणी सुटलं असतं. सावनी मात्र दारातच थबकली. कारण या घरात ती एकटी राहायची, आणि घराची दुसरी किल्ली जगात एकाच बाईकडे होती.

"आलीस? आधी हात धू," आतून आवाज आला.

नंदा, म्हणजे सावनीची आई, तळ्यापलीकडे श्रूजबरीला राहायची. दिवाळीचा फराळ पोचवायला म्हणून ती दुपारीच येऊन थडकली होती. बाई मनाने सोन्यासारखी. खोड एकच, समोरची गोष्ट दुरुस्त केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सावनी चेलो शिकायला लागली, तर नंदाला त्यातलं ओ की ठो कळत नसताना "तो मधला सूर जरा खाली लागतोय गं," हे तिने सांगितलंच. आणि संताप असा, की तो खरंच खाली लागत होता! सावनी व्हेगन झाली, तर "त्यात काय एवढं, आपली भरली वांगी व्हेगनच की! फक्त तू कूट कमी घालतेस," हे ऐकून ती आठवड्याभरात पुन्हा चीज खायला लागली. अमेरिकेत जन्मलेल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या, लोकांचे गुडघे सरळ करून पगार मिळवणाऱ्या या मुलीला आयुष्यात एक, फक्त एकच गोष्ट अशी हवी होती, जिच्यात आईला सुधारायला काही सापडणार नाही.

आणि ती सापडली होती! गेल्या वर्षी भाजीच्या दुकानात एक कागद लावलेला तिने पाहिला. पेगन लोकांसाठी हस्तकला आणि पाककृती, दर गुरुवारी, डोनाच्या घरी. पेगन म्हणजे चर्चच्या आधीचे जुने देव, ऋतू, चंद्र, झाडंझुडपं यांना मानणारी मंडळी. डोना ही लायब्ररीतून रिटायर झालेली, गळ्यात चांदीची चंद्रकोर घालणारी बाई. ती मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या वळायला शिकवी, रोझमेरीच्या जुड्या वाळवायला शिकवी, झाडू बांधायला शिकवी. यातलं आईला काय कळणार, कप्पाळ? सावनी हरखून गेली.

हॅलोवीन हा या लोकांचा वर्षअखेरीचा सण. यंदा तो नेमका लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे आजच आला होता आणि संध्याकाळी मंडळी पहिल्यांदाच सावनीकडे जमणार होती. सगळं तिनेच चालवायचं होतं. ते नीट पार पडलं, तर गुरुवारचा क्लास डोना तिच्या हाती सोपवणार होती.

"आई, तू काय तळतेयस?" सावनीने भीतभीत विचारलं.

"शंकरपाळे! तूच नाही का पीठ मळून फ्रिजमध्ये ठेवलंस? मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! पोरीने आपलं आपण दिवाळीचं काढलं. फक्त लोणी फार झालं होतं बाई, तेलात पार विरघळले असते. मी मैदा घालून सारखं केलं."

"ते सोल केक्स होते, आई! पितरांचे! बेक करायचे होते!"

"पितरांना तळलेलं आवडतं. आणि मनुका कशाला घातल्यास गं? वेचून काढता काढता डोळे फुटले माझे."

सावनीची नजर खिडकीकडे गेली. तिथली काचेची बरणी गायब होती. पौर्णिमेच्या रात्री चांदण्यात ठेवून भारलेलं पाणी होतं त्यात. त्या रात्री ती कुडकुडत गॅलरीत बसलेली असताना आईचा फोन आला होता, की आज कोजागरी आहे, मसाला दूध पी. "आपण वेगळंच काहीतरी करतोय," असं मनात म्हणून सावनीने तेव्हा फोन ठेवून दिला होता.

"बरणी? ती घासून ठेवली," नंदा म्हणाली. "दोन आठवड्यांचं शिळं पाणी, डास होतील की!"

सावनी गर्रकन वळली. "आणि झाडू? माझा झाडू कुठाय?"

बर्चच्या काटक्यांचा तो झाडू सावनीने स्वतःच्या हातांनी बांधला होता. तो जमिनीला कधीही टेकवायचा नाही. जमिनीच्या वीतभर वरून, हवेतच फिरवायचा. त्याने न दिसणारा केर जातो, म्हणजे वर्षभराची भांडणं, नजरा, वाईट विचार वगैरे.

"झकास आहे हो झाडू!" नंदाचा चेहरा फुलला. "सोफ्याखालचा सगळा कचरा काढला त्याने. शी, काय ते केसांचे पुंजके! पण उलटा काय उभा केला होतास? आडवा ठेवावा. आणि हे बघ, हळदकुंकूही वाहिलं. इथे मेली केरसुणी कुठे मिळते? मी दरवर्षी लक्ष्मीपूजनाला व्हॅक्यूम क्लीनरला हळदकुंकू वाहते. कसं दिसतं ते!"

सावनी मटकन खाली बसली. पेगन लोकांतही आईने पाय रोवले होते, आणि तेही पेगन म्हणजे काय हे ठाऊक नसताना. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आई, प्लीज. आज माझे फ्रेंड्स येतायत. हे माझं आहे. ओन्ली माइन! यू शुड गो."

"जाईन की. एवढ्या माणसांना तू एकटी कशी वाढणार? वाढून झालं की जाते."

"बाबा जेवायचे असतील."

"फोडणीचा भात करून खा म्हटलंय त्यांना."

"मग निदान कशालाही काहीही बोलू नकोस. एक शब्द नाही. प्रॉमिस?"

नंदाने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. पोर खरंच रडकुंडीला आली होती. "बरं बाई," ती हळूच म्हणाली. "हे बघ, तोंडाला कुलूप."

एवढ्यात बेल वाजली. डोना आली, दाढीवाला पोस्टमन केविन आला, त्यांच्यामागून क्लासमधली आणखी दोघं आली. डोनाने नंदाला नाव विचारलं. नंदाने एकदा सावनीकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि शंकरपाळ्यांची ताटली पुढे केली. केविनने हवापाण्याचं विचारलं. नंदाने मान डोलावली आणि त्याच्या हातात आणखी शंकरपाळे घातले.

डोना सावनीच्या कानाशी लागली. "तुझी आई मौनात आहे का?"

"तसंच काहीतरी," सावनी दात आवळून म्हणाली.

झालं! बोलता बोलता बातमी खोलीभर पसरली. मंडळी नंदाभोवती चवड्यांवर वावरू लागली. पितरांचा प्रसाद म्हणून शंकरपाळे डोळे मिटून खाल्ले गेले. झाडूवरचं हळदकुंकू पाहून डोनाने छातीवर हात ठेवला. "लाल आणि पिवळा! रक्त आणि सूर्य! वीस वर्षांत मला हे सुचलं नाही," ती म्हणाली, आणि खोलीतली सगळ्यांत चांगली खुर्ची तिने नंदासाठी ओढली. सावनीच्या अंगाचा तिळपापड झाला. एक अक्षर न बोलता आईने तिच्या कार्यक्रमाचा ताबा घेतला होता.

"लेट्स स्टार्ट!" सावनी जवळजवळ ओरडलीच. धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर तिने रोझमेरी आणि सेजचा वाळलेला पाला घातला. घाईत मूठभर जास्त पडला. खुर्चीतून नंदाने डोळे मोठे केले, मग बोटांनी चिमूट दाखवली, मग खिडकीकडे हात केला. सावनीने मुद्दाम पाठ फिरवली. धूर कोंडला आणि छतावरचा स्मोक अलार्म जो कोकलायला लागला, तो काही केल्या थांबेना. केविन स्टुलावर चढून तिथेच खोकत बसला. नंदा निमूटपणे उठली, खिडकी उघडली, टॉवेल घेऊन हवा घातली, अलार्म थांबल्यावर पुन्हा येऊन बसली. "किती शांत बाई," क्लासमधलं कोणीतरी कुजबुजलं.

सावनीला आता फक्त एवढंच हवं होतं, की पुढचं तरी धड व्हावं. तिने सगळ्यांना गोल उभं केलं आणि दिवे लावले. बाहेर सूर्य मावळला होता. पहिला झाडू सगळ्यांत वयस्क माणसाने फिरवायचा, अशी या मंडळींची रीत. सावनीने मानाने झाडू डोनाच्या हाती दिला. डोनाने घराचं दार सताड उघडलं, स्वयंपाकघराकडे गेली आणि झाडू हवेत फिरवत, पुटपुटत, न दिसणारा सगळा केर दाराकडे ढकलत निघाली.

नंदाचा चेहरा लालबुंद झाला. तिने दोन्ही हातांनी खुर्ची पकडली. तोंड उघडलं, मिटलं, शेवटी ओढणीचा बोळा करून तोंडात कोंबला. शब्द दिला होता तिने लेकीला, आणि जीव गेला तरी ती तो मोडणार नव्हती. डोना दारापर्यंत पोचली. शेवटचा फटकारा मारायला तिने झाडू उगारला.

"अगं बाई, थांब! तिन्हीसांजेला केर काढतात का कधी? लक्ष्मी जाईल ना घरातून!"

सगळ्यांनी दचकून नंदाकडे पाहिलं. नंदाच्या तोंडात ओढणी होती.

ओरडली होती सावनी. धडधडीत मराठीत, एकही इंग्रजी शब्द न घालता, कमरेवर हात ठेवून. तिचं तिलाच कळेना, की हा आवाज आपल्या गळ्यात कधीपासून होता. डोना दारात पुतळा होऊन उभी राहिली.

"व्हॉट डिड यू से?" केविनने विचारलं.

सांगणं भागच होतं. सावनीने घसा साफ केला आणि इंग्रजीत समजावलं, की संध्याकाळी केर बाहेर टाकला तर त्याच्याबरोबर देवीही निघून जाते.

"पण मी अर्धं घर झाडून आणलंय!" डोना घाबरली. "वर्षभराचं सगळं इथे उंबऱ्याशी आलंय. आता याचं काय करू?"

"ते कोपऱ्यात लोटून ठेवायचं. सकाळी टाकायचं," सावनी ताडकन म्हणाली. "तिथे नाही डोना, दाराआड. नीट लोट, थोडं मागे राहिलं. केविन, पाय बघ! त्यातून चालू नकोस, घरभर करशील. आणि तो झाडू उभा नाही, आडवा ठेव!"

डोनाने जिथे काहीच नव्हतं तिथून ते सगळं काळजीपूर्वक गोळा केलं आणि दाराआड लोटलं. केविन भिंतीला चिकटून, पोट आत घेऊन, त्या ढिगाला वळसा घालून आला. डोनाने झाडू हलकेच आडवा ठेवला, दार लावलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"वीस वर्षांत मला असं कोणी थांबवलं नव्हतं," ती सावनीला म्हणाली. "या गुरुवारपासून क्लास तुझा."

सावनीला हसावं की रडावं कळेना. तिने वळून आईकडे पाहिलं. नंदाने तोंडातली ओढणी काढली आणि खुर्चीतून उठून दाराआडच्या रिकाम्या कोपऱ्याकडे, आडव्या झाडूकडे, लावलेल्या दाराकडे एकेक करून बारकाईने पाहिलं. मग काहीतरी सांगायला म्हणून तिने तोंड उघडलं, आणि सुधारण्यासारखं काहीच सापडेना, तेव्हा निमूटपणे पुन्हा मिटलं.