गाठोड्याचा भाव

संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी सकाळी, लातुरात आमच्या गल्लीत, मन्मथअप्पांच्या ओट्यावर एका गाठोड्याचा सौदा फिसकटला. गाठोड्यात जुन्या साड्या होत्या. समोर स्टीलचं घंगाळ होतं. सौदा भांडेवाल्या कमळबाईंशी होता. पुष्कळ घासाघीस झाली. घंगाळ दोनदा टोपल्यात परत गेलं आणि दोनदा बाहेर आलं. शेवटी कमळबाई टोपलं डोक्यावर घेऊन निघून गेल्या. हाच सौदा त्याआधी दिवाळीत फिसकटला होता. त्याआधी पोळ्याला.

यात बातमी एवढीच की अप्पांचा दुसरा कुठलाही सौदा फिसकटल्याचं गल्लीत कुणाच्या ऐकिवात नाही.

अप्पा आमचे शेजारी. दोन घरांत एक भिंत आहे. त्यांची सगळी नोकरी एका दाळ मिलसाठी तूर खरेदी करण्यात गेली. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोतं उघडलं की मूठभर तूर तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि विचारायचं, "घट किती?" माल वाळवला, साफ केला की वजनात जी तूट येते, ती घट. खरेदीदाराचं सगळं कसब ती आधी ओळखण्यात असतं. अप्पा निवृत्त झाले तेव्हा तूर सुटली, घट राहिली. आता ते ती माणसांत, भाषणांत आणि भाज्यांत शोधतात. कोबी घेताना बाहेरची पानं काढून मगच वजन करायला लावतात. गल्लीत एकदा एका उमेदवाराची सभा झाली. अप्पा शेवटपर्यंत बसले आणि उठताना म्हणाले, "पोतंभर बोलला, पण दाळ पायलीभर निघंना."

मी वर्तमानपत्रात काम केलं. माझा पेपर वाचून झाला की तो दुपारी अप्पांकडे जायचा. सकाळी का नेत नाही, असं मी एकदा विचारलं.

"तुमचा वाचून होऊ द्या की. बातमी काय मेथी हाय का सुकायला?"

संध्याकाळी पेपर नीट घडी होऊन परत यायचा, तोंडी अभिप्रायासह. "आज अग्रलेखात घट लई हाय." हा अभिप्राय बहुतेक वेळा बरोबर असायचा. अग्रलेख मी लिहीत नव्हतो.

आमच्या घरी वायफाय आलं, त्या आठवड्यात अप्पांची खुर्ची त्यांच्या ओट्याच्या या टोकाला आली. माझी बायको मंगल हिनं विचारलं, "अप्पा, इकडं ऊन लागत नाही का?"

"लागतंय. पण तुमचं वायफाय भिंतीच्या बाहेर येऊन वाया जाऊन राहिलंय. म्हणून वापरून राहिलो."

मंगलनं पासवर्ड दिला होताच. तो त्यांनी कसा मागितला, हे तिला आजही नीट सांगता येत नाही. बोलणं लिंबाच्या लोणच्याबद्दल चाललं होतं, एवढं तिला आठवतं.

खरेदीचा त्यांचा नियम ऋतूच्या विरुद्ध जाण्याचा आहे. छत्री माघात घ्यायची. कूलर थंडीत घ्यायचा. त्यांचा कूलर दोन महिने बैठकीत उभा होता आणि त्यात काकूंनी कांदे भरले होते. स्वेटर त्यांनी ऐन मे महिन्यात घेतला. त्या दुपारी मी सोबत होतो. दुकानदार काउंटरमागे घाम पुसत बसला होता. अप्पांनी स्वेटर घातला, वरपर्यंत बटणं लावली आणि आरशासमोर उभे राहिले.

"अप्पा, ताप-बिप आलाय का?" दुकानदार घाबरून म्हणाला.

"ताप न्हाई. काखेत तंग हाय. किती कमी करतूस?"

त्यानं लगेच कमी केले. अप्पांच्या अंगातून स्वेटर लवकर निघावा, एवढीच त्या वेळी त्याची इच्छा दिसत होती.

त्यांची खरी मात्रा चपलेची. भाव पटला नाही की अप्पा वाद घालत नाहीत, उठतात. दुकानाच्या पायरीशी येऊन डाव्या पायात चप्पल घालतात. मग उजवी शोधतात. ती समोरच असते. दुसऱ्या पायात चप्पल जायच्या आत आतून हाक येते, "या अप्पा, बसा, तुमचं खरं." गल्लीतल्या निम्म्या लग्नांचे बस्ते या चपलेवर बांधले गेले आहेत. लोक त्यांना हौसेनं नेतात. मानधन म्हणून अप्पा एक चहा घेतात, तोही दोघांत.

अहेराची पाकिटं ते विकत आणत नाहीत. आलेली पाकिटं ओल्या बोटानं सोडवून, उलटी करून, पुन्हा चिकटवतात. एकदा एका लग्नात त्यांचं पाकीट नवरदेवाच्या बापानं उजेडात धरलं, तर आतून त्याचंच नाव दिसलं; अप्पांच्या मुलीच्या लग्नात ते पाकीट त्यानंच दिलं होतं. "तुमचीच वस्तू तुमच्याकडं आली," अप्पा म्हणाले, "ह्यात वाईट काय हाय?"

या संसाराची दुसरी बाजू भागीरथीकाकू होत्या. मुलगी संगीता नांदेडला दिलेली. काकूंना वरचेवर नांदेडला जावंसं वाटे आणि अप्पांना तिकिटाचा दर पाठ होता. "मागच्याच महिन्यात गेल्ती की," असं ते म्हणत, पण शेवटी सोडायला जात. बस फलाटाला लागायच्या आत धावत जाऊन खिडकीतून आपला टॉवेल टाकून काकूंची जागा धरत. काकूंना खिडकीच लागायची. एकदा तो टॉवेल बसबरोबर नांदेडला गेला. अप्पांनी संगीताला फोन करून पहिलं टॉवेलचं विचारलं, मग आईचं.

काकू आजारी पडून गेल्या. त्यानंतर काही काळानं एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. ती बातमी अप्पांनी माझ्याच पेपरात वाचली. त्या संध्याकाळी पेपर परत करताना ते म्हणाले, "जरा थांबायला पायजे होतं तिनं. अर्ध्यात फिरली असती." मंगल हसली, मग आत गेली.

तेव्हापासून संगीताचा एकच आग्रह होता. नांदेडला घराला वरची खोली काढली आहे, तिथं येऊन राहा. अप्पा नाही म्हणाले नाहीत. आधी म्हणाले, "पंचाहत्तरी होऊ दे. मग येष्टी फुकट व्हईल." नंतर म्हणाले, काकूंचं कपाट रिकामं करायचं आहे, साड्यांचं गाठोडं आहे, ते काय नांदेडला न्यायचं? कमळबाईला घालतो, भाव आला की येतो.

भाव येत नव्हता.

हा सौदा मी भिंतीच्या अलीकडून अनेकदा ऐकला आहे. कमळबाई दर दोन-अडीच महिन्यांनी आमच्या गल्लीत येतात. जुने कपडे घेतात, भांडी देतात. अप्पा गाठोडं ओट्यावर आणायचे, गाठ सोडायचे. कमळबाई एकेक साडी उलगडून उजेडात धरायच्या.

"हिला भोक हाय, अप्पा."

"भोक न्हाई ते. ठिणगी उडलीय. संगीताच्या बारशाला पुरणाच्या चुलीपुढं बसल्ती."

"मग भोकच की."

"पुढची बघ. ही नागपंचमीची. दोनदाच नेसली."

"दोनदा नेसलेली अशी मऊ होती व्हय?"

"तिच्या अंगाला कापड मऊच व्हायचं."

"घंगाळ घ्या आन् सोडा, अप्पा."

"घंगाळ पातळ हाय."

"स्टील हाय ते, मांडा न्हाई."

असं करत सगळं गाठोडं उलगडलं जायचं. कुठली साडी माहेरची, कुठली उदगीरच्या बाजारातली, कुठलीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला आणि काकू दुकानदाराशी कशा भांडल्या, हे अप्पा भाव वाढवण्यासाठी सांगायचे. एरवी ते काकूंविषयी बोलत नसत. मग काहीतरी अडायचं. पातेल्याला झाकण नसायचं, डब्याला पोचा असायचा. कमळबाई अर्धा चहा पिऊन उठायच्या. अप्पा साड्या घडीवर घडी घालून पुन्हा बांधायचे. अशा दिवशी त्यांचा आवाज चढा असायचा आणि जेवण बरं जायचं. हे मंगलचं निरीक्षण आहे. डबा तिच्याकडूनच जायचा.

उन्हाळ्यात अप्पांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. संगीता मुक्कामाला आली आणि सामान बांधायला लागली. एसटीचं कारण संपलं होतं. गाठोडं उरलं होतं. ती हुशार आहे, बापावर गेली आहे. तिनं मंगलकडून कमळबाईंचा नंबर घेतला आणि परस्पर सांगितलं, "अप्पा जे मागतील ते द्या. वरचे पैसे मी देते."

कमळबाई दुसऱ्या दिवशी आल्या. मंगल आणि मी, दोघंही ओट्यावर होतो. गाठोडं उघडलं, साड्या उलगडल्या, ठिणगी उडाली, नागपंचमी झाली.

"घंगाळ मोठं पायजे," अप्पा म्हणाले.

कमळबाईंनी मोठं काढलं.

"झाकण?"

झाकण निघालं. झाकण असलेलं घंगाळ मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"कडी सैल दिसून राहिली."

"दुसरं देते." दुसरं आलं. कडी घट्ट होती.

"वर एक पोळ्याचा डबा पायजे."

"घ्या, अप्पा."

"चमचे?"

"घ्या."

अप्पांनी घंगाळ वाजवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, तळाला बोट फिरवलं. खोड काढायला काही उरलं नव्हतं. संगीता म्हणाली, "झालं की मग, अप्पा."

"हाव," अप्पा म्हणाले. "झालं."

कमळबाईंनी साड्या आपल्याकडे ओढायला हात घातला. सगळ्यांत वरची, ठिणगीची साडी अप्पा अजून घडी करत होते. त्यांची घडी एका फेऱ्यात जमते. त्या दिवशी जमेना. काठ जुळवायचे, मोडायचे, पुन्हा जुळवायचे. कमळबाई थांबल्या. थोडा वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मोठं घंगाळ उचललं आणि टोपल्यात ठेवलं.

"न्हाई अप्पा. मला परवडत न्हाई."

"अहो बाई," संगीता म्हणाली, "आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं, ताई. पण ह्या मालात घट लई हाय."

अप्पांनी मान वर केली. "घट? ह्यात?"

"हाव. निम्मं जाईल."

"ह्यात घट न्हाई!" अप्पांचा आवाज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेला. गिरणीवाला बाहेर आला. "एक दोरा न्हाई घट! जलम तूर घेण्यात गेला माझा, तू मला घट शिकवतीस? ठेव तुझं घंगाळ! न्हाई द्यायचं मला!"

"राहिलं," कमळबाई म्हणाल्या आणि डबा, झाकण, चमचे भरू लागल्या.

"आन् ते फडकं ठेव. एवढा येळ बसवलंस, गाठोडं बांधायला तरी व्हईल."

टोपल्याखालचं निळं फडकं कमळबाईंनी झटकून दिलं. बदल्यात काही घेतलं नाही. चपला घातल्या. आधी डावी, मग उजवी. टोपलं डोक्यावर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत सावकाश गेल्या. अप्पांनी हाक मारली नाही. ते साडीची घडी करत होते आणि ती आता जमली होती.

संगीता जवळ येऊन बसली. मग तिनं फडक्याचं दुसरं टोक धरलं.

सोमवारी सकाळी अप्पा संगीताबरोबर नांदेडला गेले. पेटी, कूलर आणि भांडी आधीच टेम्पोनं गेली होती. मी स्टँडवर सोडायला होतो. बस फलाटाला लागायच्या आत अप्पा पुढं झाले आणि त्यांनी खिडकीतून टॉवेल टाकला. मी निरोप घेऊन परत आलो.

पुढचं संगीतानं मंगलला फोनवर सांगितलं. बस सुटल्यावर कंडक्टर आला. अप्पांनी आधार कार्ड दाखवलं. त्यांना तिकीट लागलं नाही.

"आन् बायकांची दोन अर्धी द्या," अप्पा म्हणाले.

"दुसऱ्या बाई कुठंयत?"

खिडकीशी टॉवेलवर निळं गाठोडं होतं. अप्पांनी त्यावर हात ठेवला. कंडक्टरनं पलीकडच्या सीटवर बसलेल्या संगीताकडे पाहिलं. ती म्हणाली, "द्या."

मशीनमधून दोन तिकिटं निघाली. दोन्ही नांदेडची, दोन्ही अर्धी. त्यांचा फोटो मंगलच्या फोनमध्ये आहे.

लोह्याला बसमध्ये गर्दी झाली. लेकरू कडेवर घेतलेली एक बाई अप्पांच्या सीटजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, ते गाठोडं खाली ठेवता का?"

अप्पा उठले आणि त्यांनी तिला आपली जागा दिली. संगीता आपली जागा देऊ लागली, ती त्यांनी घेतली नाही.

"बस तू. माझं फुकट हाय. तिचं तिकीट काढलंय."

लोह्यापासून नांदेडपर्यंत अप्पा उभे होते. गाठोडं खिडकीशी होतं.