तातोबा हवालदारांची मोटार

तातोबा हवालदार शेजारी राहायला येऊन महिना झाला, तरी मी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. माझी ओळख होती ती त्यांच्या पायांशी. सकाळी शाळेला निघालो की शेजारच्या अंगणात मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले असत. संध्याकाळी परतलो की तेच पाय, तसेच. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. त्या पायांशी माझा चांगला घरोबा झाला होता.

"मास्तर, आज लवकर?" पाय विचारायचे.

"कसं ओळखलंत?"

"चपलेवरनं. डावी टाच लय झिजलीया तुमची. चाल वाकडी हाय. बघून घ्या एकदा."

लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. साताऱ्यात घरटी एक माणूस फौजेतून परतलेला. कुणी ट्रंक आणली, कुणी घड्याळ आणलं. तातोबांनी मोटारीचं वेड आणलं. ब्रह्मदेशापर्यंत लॉऱ्या चालवल्या होत्या त्यांनी, चालवता चालवता दुरुस्तही केल्या होत्या. परतल्यावर कुठल्याशा संस्थानिकाच्या तबेल्यात पडलेली एक जुनी अमेरिकन मोटार त्यांनी मिळवली. पेट्रोल मिळत नव्हतं त्या काळात तिच्यात कोंबड्या बसायच्या. अंगणात आणल्या दिवशी मागच्या सीटखाली सात अंडी निघाली. "आजवर ह्या गाडीनं संसाराला तेवढंच दिलं," असं त्यांच्या पत्नी, हौसाबाई, सांगायच्या.

ही गाडी त्यांना शर्यतीत पळवायची होती. त्यासाठी त्यांनी ती हलकी करायला घेतली. "वजन हाय, काढा," हा त्यांचा मंत्र. आधी दारं गेली. मग टप गेला, मडगार्ड गेले, मागची सीट गेली, पुढची काच गेली. एक दिवस बॉनेटही गेलं आणि उघडं इंजिन ऊन खात बसलं. भोंगा काढला तेव्हा मी विचारलं, "मग रस्त्यातली माणसं बाजूला कशी होणार?"

"गाडी बघूनच हुतील की!"

मला मिशी होती, तिच्याकडेही ते अधूनमधून बघत. हौसाबाईंनी लोखंडी तवासुद्धा फडताळात कुलपात ठेवला. "ह्यांचा काय नेम? उद्या मलाच 'वजन हाय' म्हणतील," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

पण त्या गाडीचा आवाज! इंजिन सुरू करून तातोबा डोळे मिटायचे. काठीचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाशी. मला नुसती घरघर ऐकू यायची. त्यांना मात्र कुठल्या नळकांड्यात काय बिनसलंय ते कळायचं. "तीन नंबर रुसलाय," म्हणायचे, पाना फिरवायचे, आणि खरोखर आवाज एकदम गुळगुळीत व्हायचा. मी वर्गात भूमिती शिकवणारा माणूस. चमत्कारावर माझा विश्वास नाही. पण त्या अंगणात मी कितीदा तरी तोंड उघडं ठेवून उभा राहिलोय.

आणि मग एके दिवशी पाय म्हणाले, "मास्तर, तुमचं वजन किती?"

गाडी इतकी हलकी झाली होती की वळणावर तिचं आतलं चाक उचलायला लागलं होतं.

"मग दारं परत लावा," मी म्हणालो.

"लोखंड एका जागी बसतं, मास्तर. माणूस हालतो. वळणावर आतल्या अंगाला गाडीभायेर वाकायचं, बस. तुमची तब्येत अगदी मापाची हाय त्याला."

माझ्या तब्येतीची आयुष्यात कुणी केलेली ही एकमेव स्तुती. मी हो म्हणून बसलो.

शर्यत सांगलीला होती. विश्रामबागेच्या बाजूला तेव्हा मोकळा माळ होता. काही हौशी मंडळींनी तिथं चुना लावलेली पिंपं मांडून नागमोडी वाट आखली होती. एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. प्रत्येकाला दोन फेऱ्या, दोन्हींच्या वेळेची बेरीज. पिंपाला धक्का लागला की दंडाचे सेकंद वर. बाकीच्या गाड्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या, बागायतदारांच्या. आरशासारख्या चकचकीत. आमची गाडी माळावर शिरली तेव्हा एकानं मोठ्यानं विचारलं, "उरलेली कधी येणार?"

पहिली फेरी मी बहुतेक डोळे मिटून केली. तातोबांची कोपरखळी बसली की वाकायचं, एवढंच मला ठाऊक. फेरी संपली तेव्हा आम्ही दुसरे होतो. एका डॉक्टरांची निळी गाडी जेमतेम सेकंदभर पुढं होती. मघाचा तो माणूस आता आमच्या इंजिनात डोकावत होता.

दुसऱ्या फेरीला आमचं नाव पुकारलं आणि तातोबांनी पायानं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ढिम्म. पायापासून इंजिनापर्यंत जाणारी सळई मधेच मोडली होती. सांधायला वेळ नव्हता. घड्याळवाला हात वर करून उभा. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तातोबांनी सीटखालची सुतळी काढली. एक टोक इंजिनावरच्या खटक्याला बांधलं, दुसरं माझ्या मुठीत दिलं. "वढलं की गाडी पळंल. सोडलं की दमंल. मी सांगंन तसं करा."

"हवालदार, मला गाडीतलं काही कळत नाही!"

"ते बरंच हाय."

निशाण पडलं. "वढा!" मी ओढली. गाडीनं अशी उसळी घेतली की माझी टोपी सांगलीलाच राहिली. "सोडा! वाका! वढा!" पिंपं अंगावर येत होती. बोटभर अंतरावरून निघून जात होती. तातोबांचे हात मात्र शांत, बाळाला अंघोळ घालावी तसे. तिसऱ्या वळणापर्यंत आदर टिकला. मग, "वढ! वढ की रं गड्या! आता सोड!" माझ्या हातात सुतळी होती, तरी पळत होतं ते त्यांचंच काळीज. एका क्षणी मला भीती वाटेनाशी झाली. हा माणूस काय करू शकतो, एवढंच दिसत राहिलं. शेवटच्या पिंपाला वळसा घातला तेव्हा माझा कान त्या चुन्यापासून वीतभर असेल.

एकाही पिंपाला धक्का नाही. डॉक्टर स्वतः धावत आले आणि तातोबांचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ उभे राहिले. सुतळी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. कप आम्हाला मिळाला.

सळई तारेनं सांधून आम्ही परत निघालो, आणि कराडच्या अलीकडं तातोबांनी गाडी एका कच्च्या वाटेला घातली. गावाच्या कडेला एका घरासमोर थांबवली आणि माझी सीट पुसायला फडकं काढलं.

"मास्तर, जरा उतरता?"

काठी टेकत एक म्हातारी बाहेर आली. "आलास व्हय रं, तातोबा?"

"आलो, मावशी."

त्यांनी घोंगडी अंथरली, म्हातारीला उचलून सीटवर बसवलं आणि गाडी सुरू केली. गावाला फेरी. मी शेजारून चालत होतो, आणि गाडीच्या पुढं जाऊ नये म्हणून मलाच पावलं आखडावी लागत होती. खड्डा आला की तातोबा थांबत, मग एकेक चाक उतरवत.

म्हातारी वैतागली. "लय भिऊन चालवतोस रं. माजा बंडू असता तर धुरळा उडवला असता!"

"व्हय मावशी. त्याचा हात मला कुठला यायचा?"

"बंडूनंच शिकवलं ह्याला," ती मला म्हणाली. "लढाईवरनं पत्रात लिवलं हुतं."

घराशी आल्यावर तातोबांनी कप तिच्या ओटीत ठेवला. "शिकवलं त्यानं. मग कप बी त्याचाच." तिनं तो पदरानं पुसला आणि आत नेला.

हमरस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "हवालदार, इतका चांगला ड्रायव्हर होता बंडू?"

"बंडू? लंगरात हुता. सयपाकी. गाडीत बसला की ओकायचा."

"मग ती पत्रं?"

"त्याला लिवता येत न्हवतं. मी लिवायचो. म्हणायचा, आईला सांग, मी गाडी चालवतो." तातोबा समोर बघत होते. "लिवलं."

मी विचारलं, "गेला कसा?"

"आमची लॉरी चिखलात फसली हुती. दोन दिस उपाशी हुतो. वाटेत गोळी लागली त्याला. भाकऱ्या घिऊन आमच्याकडं निघाला हुता." त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "चालत."