दिलनंद रबर प्रायव्हेट लिमिटेड यांच्या वार्षिक सभेची बखर

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे चार, दुंदुभीनाम संवत्सर, अधिक आश्विन, शुद्ध पक्ष, बृहस्पतवार, इंग्रजी सन एकोणीसशे ब्याऐंशी, सप्टेंबरची तीस, ते दिवशी वाशी मुक्कामी दिलनंद रबर प्रायव्हेट लिमिटेड यांची वार्षिक सर्वसाधारण सभा यथाकायदा पार पडली. त्याउपरी सौभाग्यवती सुमेधाबाईसाहेब टिपणीस यांची आज्ञा जाहली की, कंपनीचे इतिवृत्तात लिहिले ते चार ओळी आणि घडले ते बहुत, सबब पुढे कोणी पुसेल तर जाब असावा म्हणोन कुल हकिकत तपशीलवार लिहिणे. आज्ञा शिरसावंद्य करून जे पाहिले, जे ऐकिले आणि जे भिंतीपलीकडून कानी आले, ते लिहितो. अधिकउणे थोरांनी सांभाळून घ्यावे.

कंपनीचे मूळ पुरुष दोन. एक राजमान्य राजेश्री नंदकुमारपंत टिपणीस, सुमेधाबाईंचे यजमान, इमारतीचे पहिल्या मजल्यावर राहणार, बोलणे मोजके, चालणे सावध, छत्री बारमाही खुंटीस टांगलेली. दुसरे दिलीपराव कुडाळकर, नंदकुमारपंतांचे ऐन डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर राहणार, देह धिप्पाड, मिशी भरघोस, आणि आवाज ऐसा की खाडीपलीकडे मानखुर्दास लोकांनी वळून पाहावे. उभयता फोर्टातील एका विमा कचेरीत शेजारी टेबलांवर चाकरी करीत, एका डब्यात जेवीत, आणि खाडीवरचा नवा पूल जाहला तेव्हा एकाच सोडतीत दोघांस वाशीस घरे लागली, हा योग पत्रिकेतही नव्हता. घरे एकावर एक, न्हाणीघरे एकावर एक, आणि मध्ये हवेचा एक उभा बोळ. दिलीपरावांचे स्नान उरकले की ते त्या बोळात तोंड घालोन गर्जना करीत, "नंद्या, चहा टाक," आणि मग खाली उतरत. ऐसा नित्यक्रम बहुत वर्षे चालिला आणि इमारतीतील मुले त्या हाकेवर उठोन शाळेस जात.

मग दुसऱ्याची चाकरी किती दिवस करावी, ऐसा विचार उभयतांचे चित्ती उत्पन्न जाहला आणि तुर्भ्यास एक गाळा पाहोन पाइपांच्या रबरी रिंगा आणि नळांचे वायसर करावे, ऐशी मसलत ठरली. कायदेपंडित जयप्रकाशपंत, जे हिशेबतपासनीस आणि कंपनी कायद्यात निष्णात, त्यांनी सल्ला दिला की भागीदारी नको, कंपनी करा, बुडाली तर घरची भांडी शाबूत राहतील. हा सल्ला सुमेधाबाईंस बहुत पसंत पडला. मग निबंधकांचे हुजूर नावांची अर्जी गेली. सह्याद्री मागितले, ते आधीच कोणी नेलेले. सिंहगड मागितला, तोही सर जाहलेला. अखेर दोघांची नावे जोडावी ठरले, तो पहिले नाव कोणाचे यावरून खलबत सुरू जाहले आणि तहनामा ऐसा जाहला की दिलीपरावांचे नाव पुढे आणि अध्यक्षपद त्यांजकडे, आणि नोंदणीकृत कचेरी नंदकुमारपंतांचे घरी. येणेप्रमाणे दिलनंद हे नाव सिद्ध जाहले.

उद्देशपत्रिका जयप्रकाशपंतांनी स्वहस्ते रचिली, आणि पुढे अडचण नको म्हणोन तीत इतकी कलमे घातली की रबरी रिंगा करणाऱ्या कंपनीस जहाजे हाकारण्याचा, चहाचे मळे लावण्याचा आणि हिऱ्यांच्या खाणी खोदण्याचा अधिकार प्राप्त जाहला. मग शिक्का घडला, दारावर पाटी चढली, आणि उभयतांनी विमा कचेरीस रामराम ठोकिला. परतीचा दोर कापिला तो तेव्हाच. तुर्भ्याचे यंत्रातून पहिली रिंग निघाली तिजला हळदकुंकू वाहिले, पेढे वाटिले, आणि हे रत्न कोठे ठेवावे ऐसा प्रश्न आला तेव्हा दिलीपरावांनी हट्टे करोन मागोन घेतले आणि आपले मोरीचे पाइपास, सांध्यात, स्वहस्ते बसविले.

तीन साले कंपनी बरी चालिली. मग चालू सालचे उन्हाळ्यात नंदकुमारपंतांचे घरी, नोंदणीकृत कचेरीचे कोपऱ्यात, छतास एक ओल दिसो लागली. प्रथम रुपयाएवढी, मग थाळीएवढी, आणि मग खाली बादली ठेवावी लागली. वर दिलीपराव स्नानास बसले की खाली टपटप सुरू. नंदकुमारपंतांनी एकवार हळूच विषय काढिला, दोनवार काढिला, आणि दरवेळी जबाब आला की आमची मोरी कोरडीठाक आहे, पाणी आभाळातले असेल. वैशाखात आभाळातले पाणी, हे नंदकुमारपंतांस पटेना. आणि मग सोसायटीचे सभेत, भर लोकांत, ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणास उणे बोलिले नाही त्याचे तोंडून निघोन गेले की, "लोकांची गळती थांबवायचा धंदा, आणि घरची मोरी गळते." लोक हसले. दिलीपराव हसले नाहीत. उठोन गेले ते गेले, आणि उभयतांत अबोला पडला.

अबोला म्हणजे कैसा. कारखान्यात एकाने यंत्रापाशी उभे राहावे तर दुसऱ्याने गोदामात, आणि मजकूर कळवणे जाहल्यास पंढरी कामगाराने मध्ये वकिली करावी. जिन्यात समोरासमोर आले तर एकाने पाटी वाचावी आणि दुसऱ्याने विजेचा मीटर. बायकांचे मात्र यथास्थित. स्मिताबाई, दिलीपरावांचे कुटुंब, यांजकडोन आमटीची वाटी खाली येई आणि सुमेधाबाईंकडोन भरोन वर जाई. परंतु सकाळी बोळातून हाक येईना. नंदकुमारपंत सवयीने चहाचे आधण दोघांचे ठेवीत आणि मग एक कप मोरीत ओतीत. त्यांस वाईट वाटे, बहुत वाटे, परंतु ते कोणास सांगत नसत.

इतक्यात कायद्याची वेळ भरत आली. जयप्रकाशपंतांनी येऊन बजाविले की सप्टेंबरअखेर वार्षिक सभा जाहलीच पाहिजे, न जाहल्यास सरकारात गुन्हा, दोघांवर खटला, आणि कंपनीचे नावास बट्टा. सभेस गणपूर्ती दोन, आणि कंपनीचे सभासदही कुल दोनच. म्हणजे दोघांनी एका खोलीत समोरासमोर बसणे भाग. नंदकुमारपंतांनी विचारिले की मी एकटा बसलो तर? जयप्रकाशपंत म्हणाले, "साहेब, एका हाताने टाळी वाजत नाही, आणि एका माणसाची सभा होत नाही. कायदाच आहे तसा." मग नोटीस निघाली आणि पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर ती टपालाने, मुंबईची प्रदक्षिणा करोन, पोचती जाहली.

वरून जाबसाल आला की हा अधिक मास आहे, यात मंगलकार्य वर्ज्य. जयप्रकाशपंतांनी उलट कळविले की कायद्याचे पंचांगात अधिक मास नाही, अधिक दंड आहे. मग बृहस्पतवारी, तेविसावे तारखेस, सभेचे वेळी स्मिताबाई मुखत्यारपत्र घेऊन आणि सोबत अनारशांचे ताट घेऊन उतरल्या आणि म्हणाल्या, "यांनी मला पाठवलंय. काय सही करायची ती सांगा." जयप्रकाशपंतांनी अनारसे दाखल करोन घेतले, मुखत्यारपत्र फेटाळिले. म्हणाले की प्रतिनिधी गणपूर्तीत धरता येत नाही, खासा सभासदच हवा. हे वर कळताच न्हाणीघराचे बोळातून गर्जना जाहली, "मी हजर आहे म्हणून लिहा." कित्येक महिन्यांनी त्या बोळातून आवाज आला. नंदकुमारपंत चटकन उभे राहिले. परंतु जयप्रकाशपंतांनी मान हालविली की नोटिशीत जागा पहिल्या मजल्याची आहे, सबब दुसरा मजला हद्दीबाहेर. अर्धा तास वाट पाहोन सभा तहकूब जाहली, आणि पुढील बृहस्पतवारी, त्याच वेळी, त्याच जागी मुक्रर जाहली. तो दिवस तीस तारीख. त्याउपरी मुदत नाही.

ते आठवड्यात नंदकुमारपंतांचे अन्नावरचे मन उडाले. खटल्याची भीती होती ती होतीच, परंतु आत दुसरेच खुपत होते की सोसायटीत ते वाक्य बोलिलो नसतो तर बरे होते. वर जावे, बेल वाजवावी, ऐसे कितीक वेळा मनात आले आणि जिन्याचे वळणावरून माघारी फिरले. सुमेधाबाई हे सर्व पाहत होत्या. मग भाजीवाल्याचे गाडीपाशी, दोडके निवडता निवडता, सुमेधाबाई आणि स्मिताबाई यांची मसलत जाहली, आणि ती ऐशी पक्की की दोडकेवाल्यासही सुगावा लागला नाही.

बुधवारी जेवता जेवता स्मिताबाईंनी वर बार उडविला, "ऐकलं का, अध्यक्ष आले नाहीत तर उद्या नंदूभावोजीच चेअरमन होणार म्हणे." हे कायद्यात बसत होते की नाही हे स्मिताबाईंस ठाऊक नव्हते आणि पुसण्याची गरजही वाटली नाही. दिलीपरावांचा घास हातीच राहिला.

दुसरे दिवशी ऐन वेळेस दिलीपरावांची स्वारी कोट चढवून, मिशीस पीळ देऊन खाली उतरली आणि कोणाकडे न पाहता अध्यक्षांचे खुर्चीत जाऊन बसली. ती खुर्ची सुमेधाबाईंनी पहाटेच ऐन ओलीखाली सरकविली होती आणि बादली उचलोन ठेविली होती. जयप्रकाशपंतांनी दोन डोकी मोजिली आणि सभा कायम जाहल्याचे जाहीर केले. तोच वर स्मिताबाई धुणे घेऊन मोरीत बसल्या आणि नळ पुरता सोडिला.

पहिला थेंब अध्यक्षांचे टकलावर पडिला. दिलीपराव हालले नाहीत. हालावे तरी कैसे? जी गळती नाहीच म्हणोन कित्येक महिने लढले, ती डोक्यावर पडते हे कबूल कैसे करावे? जयप्रकाशपंतांनी ताळेबंद वाचिला आणि तीन थेंब पडिले. हिशेबतपासनीसांची फेरनेमणूक जाहली, तोवर पाणी भिवयांवरून मिशीत उतरले. दिलीपराव प्रत्येक ठरावास "मंजूर" म्हणत आणि मिशीतून फुर्र करीत पाणी उडवीत. पंढरी चहा घेऊन आला तो दारातच ओठ चावोन भिंतीकडे तोंड करोन राहिला.

नंदकुमारपंतांची फत्ते जाहली होती. इतके दिवस जे पटवीत होते ते आज शत्रूचे मस्तकी पुराव्यानिशी ठिबकत होते. एक शब्द बोलावयाचा अवकाश होता. परंतु त्यांची नजर त्या भिजलेल्या कोटाकडे गेली. हा कोट उभयतांनी विमा कचेरी सोडिली त्या दिवसाचा. मग ते उठले, खुंटीवरची छत्री काढिली, उघडिली आणि अध्यक्षांचे मागे उभे राहोन ते छत्र त्यांचे मस्तकी धरिले, आणि जयप्रकाशपंतांस म्हणाले, "चालू द्या. पुढचा विषय."

पुढचा विषय निघाला नाही. छत्रीवर टपटप वाजत राहिली. मग दिलीपराव इमारतीने कधी न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाले, "नंद्या, पाणी माझंच आहे रे. आपली ती पहिली रिंग चिरलीय. मला गळतीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"आपला पहिला माल. तो गळतो म्हणून मीच कसं सांगू? म्हटलं, माझं नाक जाऊ दे, कंपनीचं राहू दे. आणि तू भर सभेत नेमकं तेच बोललास."

नंदकुमारपंत पुढे वाकले आणि छत्रीवरचे पाणी ताळेबंदावर सांडले. "चुकलंच माझं, दिल्या," ऐसे ते म्हणाले. ओल्या ताळेबंदावरच मग उभयतांच्या सह्या जाहल्या. जयप्रकाशपंतांनी चष्मा पुसला आणि त्यांचे कायदेपांडित्य तेव्हा कामास आले. ते म्हणाले की नोंदणीकृत कचेरीचे छत गळते तर दुरुस्तीचा खर्च कंपनीचा, ठराव करा. दिलीपरावांनी सूचना मांडिली, नंदकुमारपंतांनी छत्री न सोडता अनुमोदन दिले, आणि किसन प्लंबरास तांतडीची आज्ञा गेली. त्याने सांजवेळी नवी रिंग बसविली, तीही दिलनंदचीच, सुधारलेल्या साच्याची. जुनी चिरकी रिंग फेकावी म्हणाला, ती नंदकुमारपंतांनी मागोन घेतली आणि कचेरीत, नोंदणीचे प्रमाणपत्राचे चौकटीवर टांगिली.

येणेप्रमाणे सभा सिद्धीस गेली, विवरणपत्रे मुदतीत सरकारात दाखल जाहली, कोणावर खटला नाही, कंपनीचे नावास बट्टा नाही. इतिवृत्तात नोंद ऐशी: हजर सभासद दोन, ठराव एकमताने मंजूर, अध्यक्षांचे आभार मानोन सभा संपली. छत्रीचा उल्लेख नाही, तो येथे केला.

शुक्रवारी सकाळी नंदकुमारपंत अंधारातच उठोन कोपऱ्यात छताकडे पाहत बसले. वर नळ सुटला, दिलीपरावांचे स्नान सुरू जाहले आणि उरकले. पाण्याचा थेंब खाली आला नाही. मग बोळातून हाक आली, "नंद्या, चहा टाक." आधण दोघांचे आधीच चढविले होते.